मिक्लोशबाचींचे चार घाव

आमच्या सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या, त्या दिवशी घराच्या पायरीवरच एका परपुरुषाने त्यांचा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला. बार्शीहून निघताना त्यांना थंडीबद्दल, बीफबद्दल, एस्कलेटरबद्दल सगळ्यांनी सावध केलं होतं. याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. समोरचे गृहस्थ पिशवी घ्यायला आलेत असं वाटून त्यांनी भाबडेपणाने हात पुढे केला, आणि व्हायचं ते होऊन गेलं.

वर आल्यावर त्यांनी हात भांड्यांच्या साबणाने धुतला. मग सुहासला विचारलं, "हे गृहस्थ कोण? आणि त्यांच्या घरचं माणूस कुठे असतं?"

"आई, ते मिक्लोशबाची. खालच्या मजल्यावर राहतात. हंगेरीचे आहेत. त्यांच्याकडे मोठ्या बायकांना असाच मान देतात."

"मान द्यायचा तर लांबून द्यावा," आई म्हणाल्या. त्या दिवसापासून जिन्यात बाची दिसले की त्या दोन्ही हात पदराखाली घेत. बाचींनी आठवडाभर हे पाहिलं आणि त्यांच्या हातांना इथली थंडी सोसत नसणार, असा निष्कर्ष काढून लोकरीचे हातमोजे आणून दिले. आईंनी ते लगेच घातले. दोघांचाही प्रश्न सुटला.

'बाची' म्हणजे हंगेरियन भाषेत काका. आपण जसं कुणालाही नावापुढे काका लावून मोकळे होतो, तसंच ते लोक नावापुढे बाची लावतात. हे कळल्यावर आमच्या जर्सी सिटीच्या त्या जुन्या तीन मजली घरातल्या सगळ्या मराठी मंडळींनी त्यांना बाची करून टाकलं. त्यांचं आडनाव साल्काई होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

बाची होबोकनच्या एका कोटांच्या कारखान्यात कापड बेतायचे आणि शनिवारी एका चर्चच्या तळघरात सेबर शिकवायचे. सेबर म्हणजे लवचीक पात्याची तलवार. तिने टोचताही येतं आणि कापताही येतं, निदान कापल्यासारखं करता येतं. बाचींच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, सेबर खेळणारी आणि अजून न खेळलेली. साठी उलटली होती, गुडघे बोलत होते, तरी जिना ते कधी समोर तोंड करून उतरले नाहीत. एक खांदा पुढे, गुडघे वाकवलेले, असे तिरके तिरके उतरायचे. समोरून कुणी भाजीची पिशवी घेऊन आलं तर आधी अंतर मोजायचे, मग 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. आम्ही पडद्याचा दांडा आणला तेव्हा तो लावून द्यायला ते आपणहून आले. आधी बराच वेळ त्यांनी तो बोटावर तोलून पाहिला, दोनदा हवेत फिरवला, आणि सांगितलं, "पुढून जड आहे. पडद्याला चालेल."

त्यांना एकदा आईंनी केलेला ठेचा वाढला. मी आधी सावध केलं, तर त्यांना राग आला. "मी हंगेरियन आहे! आम्ही पाळण्यात असल्यापासून पाप्रिका खातो." त्यांनी चमचाभर ठेचा पावावर पसरला आणि घास घेतला. क्षणभर काही झालं नाही. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांना धारा लागल्या. पण पाणी वगैरे न मागता ते खुर्चीवरून उठले, ताठ उभे राहिले, डावा हात वर केला आणि आईंकडे पाहून म्हणाले, "मादाम, लागला!"

ही सेबरची रीत. आपल्याला वार लागला तर कुणी विचारायच्या आधी आपणच हात वर करून कबूल करायचं. बाची ती रीत सगळीकडे पाळत. सुहासने वादात त्यांना गप्प केलं की हात वर. बर्फावरून पाय घसरला की पडल्या पडल्या हात वर. आईंना हे फार आवडलं. "आपल्याकडे चूक कबूल करायला लोक कोर्टात जातात," त्या म्हणाल्या.

बाचींच्या कारकिर्दीबद्दल विचारलं तर ते म्हणत, "मी हंगेरीत सातवा होतो." ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की त्यांचा पारा चढायचा. "तुम्हाला कळत नाही! आमच्या गल्लीतला पाववाला सेबर खेळायचा आणि तुमच्या इथल्या चॅम्पियनला त्याने पाव भाजता भाजता हरवला असता. हंगेरीत सातवा म्हणजे काय ते नीट समजून घ्या." आम्ही नीट समजून घेतलं, ते एवढंच: संघात सहा जण असत आणि बाची राखीव. मोठ्या स्पर्धेला ते संघाबरोबर परदेशी गेले, ट्रॅकसूट घालून बाकावर बसले आणि सहापैकी कुणाचं तरी पोट बिघडावं म्हणून प्रार्थना करत राहिले. "मी वाईट माणूस नाही. मी लहानसंच मागितलं होतं. एका दिवसाचं." देवाने प्रार्थना ऐकली, फक्त पत्ता चुकला. पोट बिघडलं ते बाचींचंच. अंतिम सामना त्यांनी संडासातून, लोकांच्या ओरडण्यावरून अंदाज घेत पाहिला.

हे सांगताना ते स्वतःच इतके हसत की डोळे पुसायला लागायचे. मला वाटायचं, या माणसाला कशाचंच शल्य नाही. ते होतं, हे कळलं आईंमुळे.

त्या काळी सेबरला वार लागला की पेटणारे दिवे आले नव्हते. इतर तलवारींना आले होते, सेबरला यायचे होते. लढत असली की मधोमध एक पंच आणि चार कोपऱ्यांत चार परीक्षक उभे राहत. परीक्षकाने वार लागलेला पाहिला की हात वर करायचा आणि पंचाने विचारल्यावर सांगायचं: लागला, नाही, किंवा माहीत नाही. बाचींचे शिष्य मोजके, त्यामुळे परीक्षक नेहमी कमी पडायचे. मग शनिवारी ते आमच्या घराचे दरवाजे ठोठावत. सुहास, मी आणि वरच्या खोलीत राहणारा, एम.एस. करणारा नागपूरचा विलास, असे तीन परीक्षक ठरलेले. चौथा कोपरा रिकामा होता. आई घरी एकट्या कशाला बसतील म्हणून आम्ही त्यांना बरोबर नेलं, तर बाचींनी त्यांना सन्मानाने चौथ्या कोपऱ्यात उभं केलं. नऊवारी, वर सुहासचा जुना ओव्हरकोट, पायांत बूट आणि हातांत ते लोकरीचे मोजे. समोरच्या खेळाडूने मुखवटा चढवायच्या आधी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

पहिली लढत एका ताडमाड विद्यार्थ्याची आणि बँकेतल्या एका किरकोळ, चष्मेवाल्या कारकुनाची होती. कारकून भराभर मार खात होता. त्याने एकदा कशीबशी तलवार फिरवली आणि आईंचा हात ताडकन वर गेला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. तेव्हा तर तलवार प्रतिस्पर्ध्यापासून बरीच लांब होती. बाचींनी लढत थांबवली.

"मादाम, कुठे लागला?"

मी मराठीत विचारलं. आई शांतपणे म्हणाल्या, "लागला कुठे? पण तो बिचारा शून्यावर आहे. दोन दिले तर काय बिघडलं? या उंचाड्याला काय कमी आहे?"

मी इंग्रजीत सांगितलं, "त्यांना कोपराजवळ काहीतरी दिसलं."

"काय यार वहिनी, खोटं सांगता!" असं म्हणून विलासने हसत हसत खरं भाषांतर करून टाकलं. सगळं तळघर हसलं. तो कारकूनसुद्धा हसला. बाची मात्र हसले नाहीत. ते भिंतीशी गेले, संध्याकाळच्या बिंगोसाठी, म्हणजे आपल्या हाउजीसाठी, लावून ठेवलेल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मादाम, असा दिलेला टच माणसाला पचत नाही. आयुष्यभर पचत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी वाक्यावाक्याने आईंना मराठीत सांगत गेले.

फेरी नावाचा त्यांचा मित्र होता. एकच गल्ली, एकच शाळा, सेबरचा गुरूही एकच. संघातल्या शेवटच्या जागेसाठी दोघांची लढत झाली. पाच टचची लढत, म्हणजे आधी पाच वार मारेल तो जिंकला. चार-चारपर्यंत आली, आणि पाचवा वार फेरीने स्वच्छ मारला. फेरी संघात गेला, बाची राखीव झाले. "त्याचं मला काही नाही. पाचवा मला लागला, मी हात वर केला." पण त्या संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात संघातला एक जण त्यांना म्हणाला, "फेरी आज एवढा फॉर्मात होता, तू त्याला चार कसे मारलेस? त्याने दिले असतील रे. मित्र आहे तुझा. निदान राखीव तरी राहावास म्हणून."

"तो माणूस एवढं बोलला आणि घरी जाऊन झोपला," बाची म्हणाले. "मी अजून झोपलो नाही."

छप्पन साली रशियन रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला, तेव्हा दोघेही देश सोडून आले. फेरी क्लीव्हलंडला दातांचा डॉक्टर झाला, नाव काढलं. आणि त्याने बाचींना काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. कारखान्यातली नोकरी त्याच्या ओळखीने. अंगावरचा ओव्हरकोट त्याचा. बाचींनी तोंडात बोट घालून दोन्ही कवळ्या दाखवल्या. "हे दातसुद्धा त्यानेच बसवले. मी जेवतो ते फेरीच्या दातांनी. आता तुम्हीच सांगा, जो माणूस मला सगळे दात देऊ शकतो, तो चार टच देणार नाही कशावरून?"

"मग त्यालाच सरळ विचारा ना," आई म्हणाल्या.

"विचारलं. खूपदा. तो हसतो आणि म्हणतो, 'मिकी, जुनं झालं ते.' हे उत्तर आहे का?"

मी भाषांतर केलं. आई म्हणाल्या, "नाही. ही टाळाटाळ आहे."

त्या दिवसानंतर आईंच्या कोपऱ्यातली दयामाया संपली. न लागलेल्या वाराला हात वर जाणं बंद झालं, आणि तो चष्मेवाला कारकून सबंध हिवाळा शून्यावर राहिला.

पुढच्या वसंतात फेरी मॅनहॅटनला दातांच्या डॉक्टरांच्या कसल्याशा परिषदेला यायचा होता. तोपर्यंत बाचींच्या शिष्यांनी सेबरला दिवे येणार म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. बाचींना ते मुळीच मंजूर नव्हतं. 'हात वर करायला माणूस असताना दिवा कशाला?' हे त्यांचं म्हणणं. पण शिष्य ऐकेनात, तेव्हा त्यांनी फेरीला फोन केला आणि दिवे यायच्या आधी एकदा लढायला ये म्हणून कळवलं. फेरी हो म्हणाला. बाची आठवडाभर जिना उतरताना इतके खाली वाकत होते की आम्हाला त्यांच्या गुडघ्यांची काळजी लागली.

"जिंकायचंय का हो त्यांना?" मी सुहासला विचारलं.

"जिंकणं कसलं," आईच म्हणाल्या. "ते चार आपले होते का, एवढंच त्यांना बघायचंय."

शनिवारी दुपारी फेरी आला. उंच, पांढरेशुभ्र केस, उत्तम कोट. आल्या आल्या त्याने तिथल्या सगळ्या बायकांच्या हातांचे मुके घेतले. आई मोजे घालून तयारच होत्या. त्याने बाचींना मिठी मारली, त्यांची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि डाव्या बाजूची कवळी नीट बसतेय का ते पाहिलं. बाचींनी ते सोसलं. पण मुखवटा चढवायच्या आधी त्यांनी दोन्ही कवळ्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि सुहासच्या हाती दिल्या. "याच्याच दातांनी याच्याशी लढणार नाही." सुहासने रुमाल पँटच्या खिशात ठेवला आणि सबंध दुपार तो त्या बाजूला जरा वाकडाच उभा राहिला.

पंच होता बाचींचा जुना शिष्य ग्रेग. फेरीवर लक्ष ठेवायला सुहास आणि आई, बाचींवर लक्ष ठेवायला विलास आणि मी.

मुखवटे चढले आणि दोन म्हातारे दिसेनासे झाले. मी सेबर बरंच पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. फेरी लांब हातांचा, निवांत. बाची बुटके, चिवट, दबा धरलेले. पण दोघांचा गुरू एकच असल्यामुळे मोठी पंचाईत होत होती. एकाच क्षणी दोघांना एकच डाव सुचायचा. दोघे एकदमच पुढे झेपावायचे, दोघांनाही लागायचं, आणि दोघांचेही हात वर. दोन्ही वार रद्द. विलास माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, यांचं लग्न झालं असतं तर फार सुखी झाले असते यार." मधूनच एखादा वार खरा लागायचा. एक फेरीचा, एक बाचींचा. असं होत होत चार-चार झाले. एव्हाना बिंगोच्या म्हाताऱ्या बायका दाराशी जमल्या होत्या. त्यांना टेबलं मांडायची होती, पण कुणी पुढे येईना.

बाचींचा श्वास मुखवट्याबाहेर ऐकू येत होता. उजवा पाय लंगडत होता. ते पुढे झेपावले, तलवार फिरली आणि फेरीच्या दंडापासून चांगली लांबून गेली. फेरीने आपली तलवार खाली केली, डावा हात वर केला आणि म्हणाला, "लागला. सुंदर."

टाळ्या पडल्या. सुहासचा हात वर होताच. बिंगोवाल्या बायकाही टाळ्या वाजवायला लागल्या.

बाचींनी मुखवटा काढून फेकला. "नाही लागला!" दातांविना बोलताना तोंडातून हवाच जास्त येत होती.

"लागला, मिकी. मला लागलेला मला कळत नाही का?"

"नाही लागला!"

"लागला!"

आपल्याकडे पंगतीत 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चालतं, पण एकमेकांच्या अंगावर ओरडून चाललेलं मी तेव्हाच पाहिलं. ग्रेग बिचारा घामाघूम झाला. नियमाप्रमाणे ज्याला लागलं त्याने कबूल केलं की विषय संपतो. मारलाच नाही म्हणून भांडणाऱ्याचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने परीक्षकांना विचारलं.

सुहास म्हणाला, "लागला." आजही विचारलं तर तो म्हणतो, मला खरंच तसं वाटलं. कुणी विश्वास ठेवत नाही.

मग सगळे आईंकडे बघायला लागले. मी लांबूनच म्हटलं, "आई, हो म्हणा ना. पाय बघा त्यांचा. होऊ दे एकदाचं."

"तू गप्प बस," आई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, ग्रेगकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नो!" आणि हातमोजा घातलेल्या दोन्ही हातांनी किती लांबून गेला तेही दाखवलं.

फेरीचं हसू मावळलं. बाची त्याच्याजवळ गेले आणि हंगेरियनमध्ये हळूच एक वाक्य बोलले. ते काय होतं हे मी नंतर विचारून घेतलं. "मी त्याला म्हटलं, आता पुन्हा काही दिलंस तर दात पार्सलने परत पाठवीन."

ग्रेगने आईंचं मानून तो वार रद्द केला. मुखवटे पुन्हा चढले. ग्रेगने खूण केली. फेरी यावेळी थांबला नाही, निवांत राहिला नाही. तो असा पुढे आला की मला आपोआप मागे सरकावंसं वाटलं. बाचींनी अडवायला तलवार उचलली, पण त्याआधीच फाडकन आवाज झाला. दाराशी एक बाई "जीझस!" म्हणाली. वार उजव्या दंडावर, कोपराच्या वर, सपाटून बसला होता.

आमचे हात वर जायच्या आधी बाचींचा डावा हात वर होता. "लागला!"

पाच-चार. बाची पुन्हा हरले होते. मला रडू यायला लागलं. पण मुखवटा निघाला तेव्हा त्याखालचा बोळका चेहरा आनंदाने फुलला होता. त्यांनी फेरीकडे बोट दाखवलं. फेरी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता.

"मादाम! बघितलंत? बघा त्याच्याकडे! तो घाबरला होता! मला घाबरला होता!"

फेरीने वर पाहिलं. इतका वेळ दोघं आपसात हंगेरियन बोलत होते, पण हे तो इंग्रजीत बोलला, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तेव्हाही घाबरलो होतो, मिकी. हे काय सांगायचं असतं?"

बाचींनी तोंडावर हात धरला. सुहासला वाटलं, दात हवे असतील, म्हणून त्याने घाईघाईने रुमाल पुढे केला. बाचींनी तो घेतला आणि त्याच रुमालाने डोळे पुसायला लागले. कवळ्या खाली पडल्या. त्या दातांच्या डॉक्टरने उचलल्या.

दुसऱ्या दिवशी बाचींच्या दंडावर वळ उठला. आधी लाल, मग जांभळा, मग काळानिळा, कोपरापासून खांद्याकडे तिरका गेलेला. आईंनी हळद लावून देऊ का म्हणून विचारलं, तर ते दचकले. "लवकर बरा होईल त्याने!" पोस्टमनला दाखवला, कारखान्यात दाखवला, बिंगोच्या बायकांना दाखवला. भाजीच्या रांगेत बाही वर करून ते गल्ल्यावरच्या मुलीला सांगत होते, "हा पाचवा. पहिले चार मी मारलेत." वळ पिवळा पडायला लागला तेव्हा ते जरा उदास झाले. मग आईही बार्शीला परत गेल्या. जाताना जिन्यात दोघं बराच वेळ समोरासमोर उभे होते, आणि भाषांतराला मी लागले नाही.

त्या डिसेंबरात आम्ही एडिसनला घर घेतलं आणि जर्सी सिटी सोडली. आमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं, रस्त्याकडेला बर्फ साचलेलं होतं. मी गाडीत बसून हात हलवायला काच खाली केली, तर बाचींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ओव्हरकोट काढून त्यांनी कठड्यावर टाकला होता, उजवी बाही खांद्यापर्यंत सरकवली होती आणि ट्रकच्या ड्रायव्हरला ते दंड वळवून वळवून दाखवत होते. ड्रायव्हर धिप्पाड होता. तो हातातलं आमचं खोकं खाली ठेवून वाकला, बराच वेळ निरखून पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "बाप रे. दुखलं असेल फार." बाची खूश होऊन हसले. आमची गाडी त्यांच्या अगदी जवळून गेली. त्या गोऱ्यापान दंडावर कसलीही खूण नव्हती.